गावच्या मातीतून रंग काढून अजिंठ्यासारखं चित्र कसं करायचं (एका ड्रॉइंग मास्तरच्या अनुभवातून)

मागच्या महिन्यात आमच्या शाळेच्या व्हरांड्यातल्या चित्रांचा फोटो टाकला तर चार-पाच ड्रॉइंगच्या सरांनी विचारलं की हे रंग कोणत्या कंपनीचे. कंपनीचे नाहीत भाऊ, गावातलेच आहेत, लाल रंग शाळेमागच्या विहिरीचा, पिवळा नाल्याचा, काळा आमच्या देवघरातल्या दिव्याचा. एकेकाला फोनवर सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

आधी थोडं माझं. मी वाशिम जिल्ह्यातल्या एका खेड्यात चित्रकला शिकवतो, वीस वर्षं झाली. ए.टी.डी.ला (ड्रॉइंग मास्तर व्हायच्या कोर्सला) असताना षडंग, म्हणजे आपल्या जुन्या चित्रकलेची सहा अंगं, पाठ केलेलं, रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजन, सादृश्य, वर्णिकाभंग, परीक्षेत धडाधडा लिहून मार्क घेतले, पण वर्णिकाभंग म्हणजे रंग तयार करणं आणि वापरणं हे लिहिणाऱ्या माझ्या हातानं तोवर एक चिमूट रंगही वाटलेला नव्हता, ट्यूबचं झाकण काढायचं एवढंच माहीत. कॉलेजची सहल अजिंठ्याला गेली तेव्हा एक नंबरच्या लेणीत पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रासमोर उभा राह्यलो, बाकीची पोरं पुढं निघून गेली, मी मात्र त्या भिंतीच्या उखडलेल्या कडेकडं पाहत होतो. चित्राखाली चक्क माती दिसत होती, तिच्यात कोंडा, गवताचे धागे. म्हटलं हे तर आमच्या आजीच्या भिंतीसारखंच आहे. तिथून जुन्या संस्कृतीचं जे वेड लागलं ते अजून सुटलं नाही, घरच्यांनी त्याबद्दल बोलणं सोडून दिलंय.

आणि वाशिमचं म्हणाल तर अजिंठा आमच्यासाठी परका नाहीच. वाशिम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटक राजघराण्याच्या एका शाखेची राजधानी. त्या शाखेच्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव, त्यानं सोळा नंबरची लेणी कोरवून घेतली, तसा शिलालेखच आहे तिथं, काळ पाचव्या शतकाचा उत्तरार्ध. (नऊ आणि दहा नंबरच्या लेण्या त्याहून कितीतरी जुन्या, इसवी सनाच्या आधीच्या.) हे मी सातवीच्या वर्गात सांगितलं तर एक पोट्टा म्हणे, "सर, मंग ते चित्र आपल्या गावच्या लोकायनंच काढले असतीन!" पुरावा नाही बाप्पा, पण मी त्याला नाही म्हटलं नाही.

आता कामाचं.

पहिले माती गोळा करा. आपला वऱ्हाड बसाल्टवर, म्हणजे काळ्या खडकावर बसलाय, लाव्हाचे थरावर थर. विहीर खोदताना दोन काळ्या थरांच्या मधी कधी कधी विटेसारखा लाल, मऊ थर लागतो, गावात त्याला गेरूच म्हणतात. तो सगळ्यात भारी लाल. विहिरीच्या मलम्याच्या ढिगात शोधा, नवी विहीर चालू असेल तर मालकाला सांगून ठेवा. पिवळी माती नाल्याच्या कडेला, मुरमाच्या पट्ट्यात मिळते. आणि त्याच मलम्यात दगडाच्या पोकळीत पांढऱ्या स्फटिकांच्या बाजूला हिरवट, साबणासारखं मऊ अस्तर दिसलं तर ते सोनं समजून खरवडून घ्या, अजिंठ्याचा हिरवा याच जातीच्या खनिजाचा आहे. आम्हाला दोन वर्षांत मिळून काडेपेटीभर मिळाला, तो फक्त पोपटाला आणि पानांना वापरतो.

एक गोष्ट मात्र बजावून सांगतो. गावाजवळ पांढरीचं टेकाड असतं, राखेसारखी माती, तिच्यात खापरं, कधी मणी, कधी हाडं. ती माती सारवायला फार चांगली म्हणून लोक पिढ्यान् पिढ्या नेत आले, माझ्या आजीनं पण नेली. तिथून टोपलंभरही माती घेऊ नका. ते टेकाड म्हणजे जुनं गाव आहे, घरावर घर पडून तयार झालेलं, कोणतं खापर कोणत्या थरात होतं हे एकदा विस्कटलं की मग त्या खापराला काही सांगता येत नाही. विदर्भातल्या पवनी, अडम, कौंडिण्यपूर इथल्या उत्खननात जे हाती लागलं ते थर जागेवर होते म्हणून. मुलांना काही सापडलंच तर जागेवरच फोटो काढायचा आणि तहसीलला कळवायचं, दप्तरात टाकून शाळेत आणायचं नाही. मी स्वतः तरुणपणी एक सुंदर काळं-तांबडं खापर खिशात घालून आणलेलं, ते आजही माझ्या टेबलावर आहे आणि ते कोणत्या शेताच्या कोणत्या कोपऱ्यातलं हे मलाच आठवत नाही. हाच तो तोटा.

माती आणली की वाळवा, कुटा, आणि गाळा. चाळणीनं नाही, पाण्यानं. एका गंजात (पातेल्यात) मूठभर माती आणि भरपूर पाणी, ढवळा, मनात वीस मोजा. रेती खाली बसते, रंग पाण्यात तरंगत राहतो. ते रंगीत पाणी दुसऱ्या गंजात ओता, खालची रेती फेकून द्या. असं तीनदा. मग शेवटचं पाणी रात्रभर ठेवा, सकाळी वर नितळ पाणी आणि तळाला सायीसारखा गाळ. पाणी हळूच काढून टाका, गाळ ताटात पसरून उन्हात ठेवा. वाळला की तो पापडासारखा तडकतो आणि बोटानं दाबला की पिठासारखा होतो, दातांमधी चावून पाहिला (मी पाहतो, मुलांना सांगत नाही) तर कचकच लागायला नको. कचकच लागली तर परत गाळा. आमच्याकडं एक मुलगी आहे, वर्गात कधी बोलत नाही, पण वीस मोजण्याचं काम तिच्याकडंच, कारण बाकीचे अकरा-बारावरच ओतून टाकतात.

यात सगळ्यात मजेचं काम पिवळ्या मातीचं. गाळलेली पिवळी पावडर लोखंडी तव्यावर घेऊन चुलीवर ठेवा आणि काडीनं हलवत राहा. थोड्या वेळात कडेनं रंग बदलायला लागतो, पिवळ्याचा बदामी, बदामीचा विटकरी, आणि मग तांबडा. मातीतल्या लोहाच्या संयुगात पाणी बांधलेलं असतं, ते आचेनं निघून जातं म्हणून असं होतं. दर मिनिटाला थोडी पावडर कागदावर काढून ठेवली तर एकाच मातीच्या सात-आठ छटा मिळतात, अंगाच्या रंगाला यापेक्षा चांगलं काही नाही. पहिल्यांदा केलं तेव्हा पोरं तव्याभोवती अशी गोळा झाली जसं काही भजे तळून राह्यलो.

काळ्यासाठी तिळाच्या तेलाचा दिवा लावा, वर पितळेची ताटली टेकवा, तासाभरानं काजळी खरवडून घ्या. काजळी पाण्यात मिसळत नाही, वर तरंगते आणि सगळ्यांची नाकं काळी होतात, म्हणून पाणी नंतर, आधी डिंकाच्या घट्ट पाण्यातच घोटायची. पांढऱ्याला शाडू किंवा साधी खडूची भुकटी. निळा अजिंठ्याला अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून यायचा, लाजवर्द दगड, आपल्याला कुठला परवडतो, आपण कपड्याची नीळ घ्यायची, पुडीतली, बाटलीतली पातळ नाही.

डिंक बाभळीचा. धुऱ्यावर बाभूळ आहेच. एक वाटी डिंकाला दोन वाट्या पाणी, एक दिवस-रात्र भिजू द्या, फडक्यातून गाळा, दोन लवंगा टाका. लवंगा विसरू नका, मी विसरलो होतो, पावसाळ्यात सोमवारी शाळा उघडली तर स्टाफरूमला वास आणि रंगाच्या वाट्यांवर बुरशीची दाढी. तिकडं अजिंठ्याला चित्रकारांनी जनावराच्या चामड्या-हाडाचा सरस वापरला असं जाणकार सांगतात, आपल्याला शाळेत ते नको. पावडरमधी डिंकपाणी किती टाकायचं याचं माप नाही, टेस्ट आहे: पट्टा मारा, वाळू द्या, बोट घासा. बोटाला रंग आला तर डिंक कमी. चकाकलं आणि तडे गेले तर डिंक जास्त. फेविकॉल टाकूनही होतं, मी काही पोलीस नाही, पण मग भिंत प्लॅस्टिकसारखी दिसते आणि एवढी माती गाळायचा उपद्व्याप कशाला केला.

आता भिंत. खऱ्या भिंतीवर सुरुवात करू नका, एक फूट बाय एक फूट जुना प्लायवूड किंवा मोठं कवेलू घ्या. प्लायवूड असेल तर त्यावर पोत्याचा तुकडा खिळ्यांनी ताणून ठोका, मातीला धरायला काही तरी पाह्यजे. इथं माझी सगळ्यात मोठी फजिती झालेली. मी वावरातली काळी माती घेतली, का तर ती चिकट, बारीक, हाताला लोण्यासारखी. दुसऱ्या दिवशी सकाळी फळीवर चित्राऐवजी मे महिन्यातलं वावर, बोट जाईल एवढ्या भेगा. आपली काळी माती पाण्यानं फुगते आणि वाळली की आकसते, शेतकऱ्याच्या पोराला हे मास्तरनं सांगायची गरज नव्हती, पण मास्तरलाच सुचलं नाही. "सर, काळ्या मातीनं कोणी भिंत लिंपते का?" असं एका आठवीतल्या पोरानं विचारलं, मी म्हटलं गप बस.

तर नाल्यातली पिवळट गाळमाती तीन टोपले, बारीक रेती एक टोपलं, गव्हांडा किंवा बारीक कुटार एक टोपलं, पूर्व विदर्भातले असाल तर धानाचा कोंडा घ्या. पाण्यात कालवून चार दिवस सडू द्या, रोज एकदा तुडवा. वास येतो, येऊ द्या, सडल्यानंच ती चिकट होते. हा थर बोटाच्या जाडीचा, वरून काडीनं रेघोट्या मारून खडबडीत करा, सावलीत वाळवा. त्यावर गाळलेल्या मातीचा पातळ, कागदी थर, गुळगुळीत दगडानं घासून घ्या. त्यावर चुन्याचा हात, आदल्या दिवशी विरवलेला चुना, आणि तो मोठ्या माणसानंच लावायचा, डोळ्यात गेला तर खेळ नाही. अजिंठ्याची भिंतही जवळपास अशीच आहे, जाडी माती, बारीक माती, वर चुना, आणि चित्र वाळलेल्या भिंतीवर. इटलीच्या चर्चमधे ओल्या चुन्यावर काढत तसं नाही. म्हणूनच ती ओलीला एवढी भिते.

ब्रश विकत घेतलेला चालतो, पण शिंदीच्या पानाची काडी टोकाला ठेचून जो कुंचला होतो त्यानं लांब रेघ सुरेख येते. आणि चित्र रेघेनंच सुरू करायचं, पातळ गेरूनं. माझ्या मते सगळं शिकायचं ते इथंच आहे. ग्रेड परीक्षेच्या तयारीत मुलं तुकड्या-तुकड्यानं रेघ काढतात, खोडरबर हातात धरूनच. इथं खोडरबर नाही. फोटो समोर ठेवा, पद्मपाणीची भुवई आणि खांदा घ्या, आधी पाच वेळा हवेत हात फिरवा, मग श्वास धरून एका दमात ओढा. चुकली तर चुकली, वरून रंग येणारच आहे. मग आत सपाट रंग भरा, मग कडेनं थोडा गडद रंग म्हणजे गोलाई येते, नाकाच्या दांड्यावर आणि ओठावर पांढऱ्याचा बारीक टच, आणि शेवटी गडद तपकिरी किंवा काळ्यानं परत बाहेरची रेघ. डोळे सगळ्यात शेवटी. डोळे आधी काढले की मुलं चित्र झालं समजून उठून जातात.

नक्कल कशाला, स्वतःचं काढू द्या असं एका साहेबांनी भेटीत ऐकवलं होतं. स्वतःचं काढतातच की, पण नक्कल केल्याशिवाय डोळा थांबत नाही. १८४४ पासून रॉबर्ट गिल नावाच्या इंग्रज चित्रकारानं अजिंठ्याच्या नकला करण्यात वर्षांमागून वर्षं घातली, १८६६ ला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत त्या बहुतेक जळाल्या. मग १८७२ पासून मुंबईच्या आर्ट स्कूलचे ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन परत तेच काम करत बसले, त्यातल्याही बऱ्याच पुढं आगीतच गेल्या. ही गोष्ट मी वर्गात कधी सांगतो माहीत आहे का, कोणाचं चित्र पावसानं वाहून जातं तेव्हा. आणि त्याच्या जोडीला दुसरीही सांगतो, १८१९ साली शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला ही लेणी दिसली आणि त्यानं दहा नंबरमधे आपलं नाव कोरून ठेवलं. पोरं हसतात. मग मी त्यांना आमच्या बेंचवर कोरलेली नावं दाखवतो.

विषय अजिंठाच पाह्यजे असं काही नाही. नागपूरकडचे असाल तर जुनापाणीची दगडांची वर्तुळं आहेत, काही दगडांवर वाटीसारखे खळगे, ते मोजायला आणि कागदावर मांडायला मुलांना घेऊन जा, फक्त चढायचं नाही आणि खडूनं भरायचं नाही. अजब बंगल्यातही, म्हणजे नागपूरच्या जुन्या म्युझियममधे, एक दिवस काढा, मूर्तींसमोर स्केचबुक घेऊन. कुंभार ओळखीचा असेल तर त्या दगडी वर्तुळांच्या काळचं काळं-तांबडं भांडंही करून पाहा, मडकं उपडं घालून आत कुटार ठासून भट्टी लावायची, आत हवा पोचत नाही म्हणून आतून काळं, बाहेरून लाल. आमची तीनपैकी दोन फुटली, तिसरं अर्ध काळं अर्ध लाल निघालं, कुंभारदादा म्हणे, "मास्तर, फुकट गेलं." माझ्यासाठी तर तेच होतं जे पाह्यजे होतं.

चित्रं उन्हाच्या आणि पावसाच्या भिंतीला टांगू नका, ओल्या फडक्यानं पुसू नका, कोरड्या ब्रशनं धूळ झाडा. उरलेले रंग कोरडेच ठेवा, डिंकाशिवाय, काचेच्या बरणीत, बाहेर चिठ्ठी लावून की कोणत्या विहिरीचा, कोणत्या साली. आणि डिंक उन्हाळ्यातच गोळा करा, शाळा सुरू झाल्यावर बाभळीकडं गेलात तर पावसानं धुवून गेलेला असतो आणि मग किराणा दुकानातला लाडवाचा डिंक महाग पडतो.