एनआयएचच्या नव्या निकषांत आमचा जुना मसुदा कसा बसवला

अमेरिकेतल्या एनआयएचने (वैद्यकीय संशोधनाला निधी देणारी सरकारी संस्था) २५ जानेवारी २०२५ पासूनच्या बहुतेक संशोधन अर्जांची छाननी बदलली. पूर्वीच्या पाच निकषांचे आता तीन घटक झालेत. महत्त्व आणि काटेकोरपणा-व्यवहार्यता या दोघांना १ ते ९ गुण (१ सर्वांत चांगला, आपल्या शाळेच्या अगदी उलट!). तिसरा घटक म्हणजे संशोधक आणि संस्था (तिथली उपकरणं धरून); त्यांना वेगळे गुण नाहीत, फक्त ‘पुरेसं आहे की नाही’ एवढंच.

आमच्या आर०१च्या (एनआयएचचं एक संशोधन-अनुदान) मसुद्यात बारा पानांपैकी पाऊण पान कन्फोकल मायक्रोस्कोपच्या कौतुकात गेलं होतं. ते उचलून उपकरणांच्या जोडपत्रात टाकलं. आमच्या प्रमुख संशोधक सरांच्या जिवावर आलं, पण जिथे गुणच नाहीत तिथे जागा कशाला अडवायची? मोकळ्या जागेत उंदरांचे गट कसे पाडणार, नमुनासंख्या कुठून आली, नर-मादी दोन्ही का, पहिला प्रयोग फसला तर पुढे काय, हे सविस्तर लिहिलं.

२५ सप्टेंबर २०२५ पासून एका प्रमुख संशोधकाला वर्षाला सहाच अर्ज करता येतात. फेरअर्ज आणि संयुक्त अर्जही त्यातच धरतात. त्यामुळे कुणी ‘तुमचंही नाव घालू का?’ विचारलं की सर आधी एक्सेल शीट उघडतात.