दार वाजलं की दूधवाला

माझ्या पहिल्या क्रमशः कादंबरीचे २२ भाग झाले. त्यातल्या सहा भागांच्या शेवटी कुणीतरी दार वाजवतं. हे मोजून कळवलं एका वाचक बाईंनी. "दार वाजलं की मी समजते, दूधवाला असणार," एवढंच लिहिलं होतं त्यांनी. दिवसभर मोबाइल पालथा ठेवला होता मी.

क्लिफहँगर म्हणजे भाग ऐन पेचात तोडून वाचकाला पुढच्या भागापर्यंत ताटकळत ठेवणं, हे तुम्हाला ठाऊक आहे. मी कुठे आपटले तेवढंच सांगते.

सातवा भाग. मालतीला नवऱ्याच्या कपाटात साड्यांखाली लिफाफा सापडतो. ‘तिने कागद वाचला आणि तिच्या पायाखालची जमीन सरकली. क्रमशः.’ मी खूश! पण नीट बघा. तोवर अख्खा भाग आपण मालतीच्या डोळ्यांनी बघतोय. गॅसवरचे पोहे करपल्याचा वाससुद्धा तिच्याबरोबर घेतोय. आणि नेमका कागद आला की मी वाचकाचे डोळे झाकले. मालतीला कळलं, वाचकाला नाही. ही उत्कंठा कसली, अडवणूक झाली.

आणि खरी गोची पुढेच आहे, कबूल करायला अजून लाज वाटते. त्या कागदात काय लिहिलंय हे मलाही माहीत नव्हतं. ‘क्रमशः’ लिहून मी स्वतःसाठी आठवड्याची मुदत मागून घेत होते. आठवा भाग शेजारणीच्या घरात सुरू केला, नवव्यात ते विजेचं जुनं बिल निघालं. वाचक एकदा हसून सोडतो, दुसऱ्यांदाही सोडतो. तिसऱ्यांदा तो काही बोलत नाही, नुसता येत नाही.

मग सातवा भाग पुन्हा लिहिला. कागद वाचकाला सरळ दाखवून टाकला: घर गहाण ठेवल्याचा कागद, खाली मालतीची सही. तिने कधीच न केलेली. तेवढ्यात खाली नवऱ्याची स्कूटर थांबते. कागद परत साड्यांखाली सारायचा, की हातात धरून उभं राहायचं? तिथे थांबले. आधी वाचक विचारत होता, कागदात काय आहे? आता विचारतो, ही काय करणार? पहिल्याचं उत्तर एका ओळीत संपतं. दुसऱ्याच्या उत्तरावर माझे पुढचे चार भाग चालले.

इंग्रज लेखक टॉमस हार्डीची ‘अ पेअर ऑफ ब्लू आईज’ ही कादंबरी १८७२-७३ मध्ये मासिकातून क्रमशः आली. तिच्यात माणूस खरंच कड्याला लोंबकळतो, आणि क्लिफहँगर या शब्दाचं नातं पुष्कळ जण त्या प्रसंगाशी जोडतात. लोंबकळणं सगळ्यांना आठवतं. मी म्हणते, सुटका वाचा. नायिका आपली आतली वस्त्रं फाडून दोर करते, त्याला वर घेते, दोघं मिठी मारतात, आणि दुसऱ्याच एकाला तिने दिलेलं वचन तिथे डळमळायला लागतं. जीव वाचला म्हणून गोष्ट मागच्या जागी परत जात नाही.

‘प्रत्येक भागाच्या शेवटी बॉम्ब हवा’ असं एका कार्यशाळेत शिकवलं होतं. पैसे भरून ऐकलं. शिकवणाऱ्यांनी क्रमशः अशी एकही ओळ लिहिलेली नव्हती, हे नंतर कळलं. रोज बॉम्ब फुटला की लोक कान झाकून झोपायला शिकतात. दोन-तीन भागांनंतर एखादा भाग गॅस बंद करून, ओटा पुसून संपू द्या. ‘तेवढ्यात’ हा शब्द आणि तीन टिंबं तर महिनाभर कुलपात ठेवा. (वर मीही ‘तेवढ्यात’ वापरलाय. सवय जात नाही.)

घाबरू मात्र नका. सुरुवातीचे भाग सगळ्यांचेच फसतात, आणि वाचक आपल्याला वाटतो त्यापेक्षा सोशीक असतो. त्या बाई अजून वाचतात.

आता ‘क्रमशः’ टाकण्याआधी पुढच्या भागाच्या पहिल्या दोन ओळी मी कॅलेंडरच्या मागे लिहून काढते. नाही सुचल्या, तर भाग द्यायचा नाही. उशीर झाला तरी चालेल.

नव्या कथेत दार एकदाच वाजतं, पाचव्या भागाच्या शेवटी. दूधवालाच असतो. तीन महिन्यांची थकबाकी मागायला आलेला, आणि दार उघडायला सासरे उठलेले असतात.