एमएसडब्ल्यूचा (समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीचा) प्रबंध: आईबाप आणि वयात येणारी पोरं

आधी विषय बारीक करा. ‘पालक-किशोर संबंध’ म्हणजे अख्खा समुद्र. ‘नववीतल्या मुली, मोबाइल आणि आईशी होणारी भांडणं’ एवढं पुरे. अठराखालच्यांसाठी पालकांची लेखी संमती हवीच, शिवाय मुलाचा स्वतःचा होकारही.

मुलाखती वेगवेगळ्या घ्या. घरी आई चहाच्या निमित्ताने दाराशी घुटमळते आणि पोरगी लगेच ‘सगळं छान आहे’वर येते. म्हणून मी विद्यार्थ्यांना शाळेतला रिकामा वर्गच मागायला लावते. ‘आई रागावते का?’ नको, ‘परवा कशावरून वाजलं?’ विचारा.

गुप्ततेचं सरसकट वचन मात्र देऊ नका. लैंगिक अत्याचार कळला, तर २०१२च्या पॉक्सो कायद्याने तो कळवणं बंधनकारक आहे. १०९८ हा मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा नंबर वहीच्या पहिल्याच पानावर हवा.