विमा कंपनीने परस्पर क्लेम मिटवला तर : ब्रिटनमध्ये नवीन आलेल्यांसाठी

राउंडअबाउटवर समोरचा घुसला, तुम्ही तसं लिहूनही दिलं, तरी तुमच्याच विमा कंपनीने त्याला पैसे देऊन क्लेम मिटवला आणि तुमचा नो क्लेम्स डिस्काउंट (क्लेम न झाल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट) घसरला. इथे नव्याने गाडी घेतलेल्या आपल्या अनेकांना हा धक्का बसतो आणि त्यांचा संताप मला पूर्ण कळतो. पण भांडायचं तर योग्य मुद्द्यावर भांडा.

जवळपास प्रत्येक पॉलिसीत क्लेम लढवायचा की मिटवायचा, हे ठरवायचा हक्क कंपनीकडे असतो. तुमची संमती लागत नाही. डिस्काउंटही चुकीवर नाही, तर कंपनीला पैसे परत वसूल करता आले का, यावर ठरतो. त्यामुळे 'माझी चूक नव्हती' एवढ्यावर तक्रार टिकत नाही. फायनान्शियल ओम्बड्समन सर्व्हिस, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या ग्राहकांच्या तक्रारी सोडवणारी स्वतंत्र सेवा, हीसुद्धा अपघाताचा दोष ठरवत नाही. कंपनीने पुरावे नीट तपासून वाजवी निर्णय घेतला का, हे पाहते. तेव्हा नेमकं तेच विचारा. डॅशकॅमचं फुटेज कुणी पाहिलं का? साक्षीदाराशी बोलले का? गाड्यांचं नुकसान कुठल्या बाजूला झालंय, हे तपासलं का? फोनवर बोललात तरी पाठोपाठ ईमेल टाका. तुमच्या क्लेमच्या फाइलमधली तुमची माहिती तुम्ही मागू शकता; साधारण महिन्याभरात ती फुकट द्यावी लागते. कंपनीने काय पाहिलं आणि काय पाहिलंच नाही, ते त्यातून बरंच कळतं.

आधी कंपनीकडेच लेखी तक्रार करा. अंतिम उत्तरासाठी तिला 8 आठवडे असतात. उत्तर पटलं नाही किंवा आलंच नाही, तर ओम्बड्समनकडे जा. अंतिम उत्तराच्या तारखेपासून 6 महिन्यांची मुदत असते, ती चुकवू नका. ही सेवा ग्राहकाला मोफत आहे, मध्ये कुणा एजंटला पैसे देऊ नका.

आपल्याकडे रस्त्यातच पैसे देऊन मिटवायची सवय असते. इथे तसं मिटवलं तरी अपघात कंपनीला कळवण्याची अट पॉलिसीत सहसा असतेच. कंपनीच्या पत्रांना लगेच उत्तर द्या, नाहीतर तिच्यापुढे फक्त समोरच्याचीच बाजू राहते.

आणि तक्रार चालू असताना नवीन पॉलिसी घ्यायची वेळ आली, तर विचारल्यावर तो क्लेम खराखुरा सांगा. क्लेमच्या नोंदी विमा कंपन्यांच्या सामायिक डेटाबेसमध्ये असतात. जाणूनबुजून लपवलेलं उघड झालं, तर पॉलिसीच रद्दबातल होऊ शकते.