पहिल्या वाचनात कोण हसते ते पाहा

शहराच्या कडेला वाढणाऱ्या मुलांवर चित्रपट करायचा आणि त्यात सगळ्या थरांतली मुले दिसली पाहिजेत, असा निश्चय करून कामाला लागणारे नवे लेखक आणि सहायक दिग्दर्शक नाशिकमध्ये वाढत आहेत. पटकथेचे आराखडे, कॉलशीट (कोणी कधी आणि कुठे हजर व्हायचे याचा रोजचा कागद), चित्रीकरणाच्या परवानग्या यांची माहिती त्यांना असतेच, म्हणून ती सोडून मी जिथे आपटले ती एकच जागा सविस्तर सांगते.

माझ्या पहिल्या लघुपटात चार मुले होती. एकाचे कुटुंब बागलाणातून नाशिकच्या सिडको वसाहतीत आलेले, मुलगी जुन्या नाशकातली, तिसऱ्याचे वडील उत्तर प्रदेशातून सातपूरच्या कारखान्यात आलेले आणि चौथा पेठ तालुक्यातला, वसतिगृहात राहणारा. निवड पूर्ण झाल्यावर ती यादी पाहून मला स्वतःचे फार कौतुक वाटले होते. प्रतिनिधित्व साधले, आता चित्रीकरण उरले, अशी माझी समजूत होती.

मुलांसोबत पटकथेचे पहिले वाचन आमच्या नाशिकरोडच्या घराच्या गच्चीवर झाले. सिडकोतल्या मुलाला मी अहिराणीतले एकच वाक्य दिले होते. मित्रांच्या घोळक्यात आईचा फोन येतो आणि तो म्हणतो, “माय, माले भूक लागनी.” लगेच कंसात मी लिहिले होते, ‘सगळे हसतात’. त्याने वाक्य वाचले आणि गच्चीवरची सगळी माणसे खरोखरच हसली, मीही हसले. तो मात्र कागदाची घडी घालत म्हणाला, “ताई, हे मी घरी रोज म्हणतो. तेव्हा कोणी हसत नाही.”

नवख्या माणसाने इथे थांबावे, कारण हा सापळा दिसत नाही. मी त्या मुलाची चेष्टा करायला बसले नव्हते. मला बोलीचा समावेश करायचा होता आणि तो मी केलाही होता. पण घरात प्रमाण मराठी बोलणाऱ्या माझ्यासारखीच्या कानाला बोली ऐकू आली की ती आपोआप विनोदाच्या जागी जाऊन बसते, आणि मराठी पडद्याने गडी, हवालदार, खेड्यातला पाहुणा यांच्या तोंडी ती तशीच ठेवून आपल्याला ही सवय लावलेली आहे. २०११ च्या जनगणनेत खानदेशी (अहिराणी तिच्यातच मोजली जाते) बोलणारे अठरा लाखांहून अधिक नोंदले गेले, आणि तिथे ती मराठीत न मिळवता वेगळी मोजली आहे. इतक्या माणसांची भूक माझ्या पटकथेत एका हशापुरती होती. पात्र मोजून घेतले तरी त्याची भाषा कोणाच्या कानाने लिहिली, हा प्रश्न शिल्लक राहतो.

मग मी प्रत्येक पात्राचा एक दिवस लिहून काढला: सकाळी आईशी, शाळेत बाईंशी, रिक्षात अनोळखी माणसाशी, रात्री मित्रांशी तो कोणत्या भाषेत बोलतो. सिडकोतला मुलगा दिवसभरात अहिराणी, मराठी आणि हिंदी अशा तीन भाषा बदलतो, आणि तो नेमका कोणासमोर भाषा बदलतो यातच त्याची लाज, त्याचा रुबाब आणि त्याचे वाढणे दिसते. फोनचे वाक्य मी ठेवले, कंस खोडला. आता तो घोळक्यापासून चार पावले दूर जाऊन आवाज खाली आणतो. जुन्या नाशकातल्या मुलीला मी दिलेले गजलेतले उर्दू तिच्या आईनेच काढून टाकले, ते बरे झाले.

निवडीचे काम करणाऱ्यांनी ‘वस्तीतला चेहरा हवा’ ही मागणी आली की त्याचा अर्थ विचारावा. मला एका निर्मात्याकडून मिळालेले उत्तर होते, “सावळा, बारीक.” तसेच शुल्क घेऊन ‘वास्तववादी अभिनय’ शिकवणाऱ्या दोन दिवसांच्या शिबिरांवर माझा काडीचा विश्वास नाही. ‘सलाम बॉम्बे’ (१९८८) या चित्रपटासाठी रस्त्यावरच्या मुलांसोबत कार्यशाळा घेतली गेली आणि पुढे त्यातूनच अशा मुलांसाठी काम करणारा सलाम बालक ट्रस्ट उभा राहिला. इतका वेळ द्यायची तयारी नसेल तर मुलांना बोलावूच नये.

मूल चौदा वर्षांखालील असेल तर नियम तोंडपाठ ठेवा: दिवसाला पाच तासांहून अधिक काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून अधिक नाही, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आवश्यक आणि मानधनाचा किमान वीस टक्के भाग मुलाच्या नावे मुदत ठेवीत. ‘छोटा लघुपट आहे, कोण विचारतो’ असे सांगणारा मार्गदर्शक भेटला तर त्याला सोडा.

हे वाचून कोणी घाबरू नये. आपल्या त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या फाळक्यांना १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’ चित्रपटातल्या तारामतीसाठी स्त्री मिळाली नाही आणि उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके ती भूमिका करून गेले; अडचणीत काम होते. चूक पहिल्याच वाचनात सापडली, तर खर्च एका खोडरबराचा असतो. माझी तिथे सापडली ती त्या मुलाने तोंड उघडले म्हणून, आणि त्याला मी तसे बोलायला सांगितलेले नव्हते. आता वाचनाआधी प्रत्येक मुलाला एक पेन्सिल देते आणि आपल्याला न पटणारे वाक्य खोडायला सांगते. पहिल्या दिवशी कोणी खोडत नाही. तिसऱ्या दिवसापर्यंत माझी पाने काळी होतात.