खोंड हाताबाहेर गेलाय? औताला जुपण्याआधी या चुका टाळा

बैलगाडा शर्यतींसाठी महाराष्ट्राने केलेली कायदादुरुस्ती सर्वोच्च न्यायालयाने १८ मे २०२३ रोजी वैध ठरवली. त्यानंतर घरात पिढीभर बैल नसलेल्या पोरांनीही हौसेने आदत (अजून दुधाचे दात न पडलेले) खिल्लार खोंड, म्हणजे तरुण बैल, दावणीला आणले. माणदेशच्या माळावरची ही जात चपळ, चौकस आणि तापट. थोड्याच दिवसांत खोंड अंगाला हात लावू देत नाही, जू दिसलं की उधळतो आणि घरचे म्हणतात, विकून टाक. अशा मालकाला माझं पहिलं सांगणं एकच आहे. शिकवणं आजच थांबवा आणि जिथपर्यंत तो न घाबरता वागत होता, तिथपर्यंत मागे या. माणसाला मारका वाटणारा खोंड बहुतेक वेळा घाबरलेला असतो आणि ती भीती आपल्या घाईने वाढते.

वासरपणीची ढकलाढकली

वासराच्या कपाळाला तळहात लावून त्याला ढकलायला लावणं गोड दिसतं. तोच खेळ अडीच-तीन वर्षांचा खोंड पूर्ण ताकदीनिशी खेळतो, तेव्हा बरगड्या मोडतात. घरात असं कोणी करत असेल तर आजपासून बंद करा. खाजवायचं तर मानेखाली, पोळीला (गळ्याखाली लोंबणाऱ्या कातडीला), वशिंडामागे.

खोंडाला दोन्ही बाजूंचं खूप दिसतं, पण नेमकं पाठीमागचं दिसत नाही. म्हणून मागून गुपचूप जाऊ नका, आवाज देत खांद्याच्या बाजूने जा. हा एक बदल केला तरी अनेक लाथा टळतात.

ओल्या वेसणीवर जोर

इथे सर्वांत जास्त नुकसान होतं. नाक टोचलं की दुसऱ्या दिवशी कासरा (वेसणीला बांधलेला हाकायचा दोर) ओढायला सुरुवात करतात. जखम पुरती भरायला दोन-तीन आठवडे द्या. तोवर खोंड म्होरकीवर, म्हणजे तोंडाभोवती बांधलेल्या दोरीवर, फिरवा आणि पुढेही खुंट्याला बांधताना दावं म्होरकीलाच बांधा. वेसणीने बांधलेला खोंड बिचकून मागे सरला तर नाक फाटतं. एकदा तो अनुभव आला की तोंडाजवळ येणारा प्रत्येक हात त्याला शत्रू वाटतो. टोचणं आणि खच्ची करणं पशुवैद्यकाकडून, भूल देऊनच करून घ्या. खच्ची केल्यावर तो लगेच शांत होईल अशी आशा धरू नका. स्वभाव निवायला काही आठवडे, कधी काही महिने जातात.

दोन कोरे खोंड एका जुवाखाली

जोडी एकदम शिकवायचा मोह आवरा. एक बिचकला की दुसरा पळतो. शेजारी म्हातारा, शिकलेला बैल हवा, उंचीने जवळपास सारखा. उंचीत फरक असला की जू कलतं, बुटक्याच्या मानेवर भार येतो आणि खांदा सुजतो. असा सुजलेला खांदा घेऊन जुपलेला खोंड जू पाहूनच पळणार. बरा होईपर्यंत जू लावूच नका.

आधी नुसतं जू घालून चालवा, मग हलका ओंडका ओढायला द्या, मग नांगरलेल्या भुसभुशीत रानात कुळव. रिकामी गाडी सगळ्यात शेवटी, कारण चाकांचा खडखडाट मागून येतो आणि तो कसला हे त्याला दिसत नाही. खोंड ज्या बाजूला शिकतोय ती बाजू सुरुवातीला बदलू नका. सकाळ-संध्याकाळ पंधरा-वीस मिनिटं पुरे. चालायला आणि थांबायला घरातल्या सगळ्यांनी एकच शब्द वापरावा. पहिलं पाऊल टाकताच कासरा सैल सोडा. हीच त्याला शाबासकी कळते. आणि कासरा मनगटाला कधीही गुंडाळू नका. उधळलेला खोंड माणसाला फरफटत नेतो.

बसकण मारली तर

शेपटी पिरगाळू नका, चावू नका. शेपटीचे मणके मोडतात आणि खोंड पुढच्या वेळी आणखी लवकर बसतो. जोती (मान जुवाला बांधणारे पट्टे) सोडा, त्याला उठू द्या आणि कारण शोधा. खूर चिरलाय का? जंतांमुळे अशक्त आहे का? तोंड उघडून धापा टाकतोय, लाळ गळतेय? मग तो तापलाय. त्याला सावलीत न्या, पाणी पाजा.

ओढकामाच्या आणि ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ चे केंद्रीय नियम आहेत. पारा ३७ अंशांच्या वर असताना दुपारी १२ ते ३ गाडीला जनावर जुंपू नये, दिवसाकाठी ९ तासांपेक्षा जास्त आणि सलग ५ तासांपेक्षा जास्त काम घेऊ नये, टोकदार आरीची काठी वापरू नये. ही कमाल मर्यादा आहे, शिकाऊ खोंडासाठी तिच्यापासून बरंच लांब राहा.

एकट्याने झुंज नको

खोंड आडवा उभा राहून पाठ कमानीसारखी करतो, मान खाली घालतो, खुराने माती उकरतो. ही उघड धमकी आहे. पाठ फिरवून पळू नका. त्याच्याकडे लक्ष ठेवून हळूहळू मागे सरा आणि कुंपणापलीकडे जा. हे पुन्हा घडलं, तर गावातल्या जाणत्या बैलवाल्याला बोलवा आणि तो येईपर्यंत लहान मुलांना त्या दावणीकडे फिरकू देऊ नका.