बेसबोर्ड आहेतच, आता किचनमध्ये गरम फरशीही हवीय? आधी हे बघा

न्यू जर्सी, बॉस्टनकडे जुनं घर घेतलं की बेसमेंटमध्ये बॉयलर आणि भिंतीच्या कडेने पत्र्याचे लांब बेसबोर्ड, म्हणजे बॉयलरच्या गरम पाण्यावर चालणारे हीटर, हे बऱ्याचदा ठरलेलंच. मग किचन-बाथरूम उकरलंच आहे तर फरशीखाली गरम पाण्याचे पाइप टाकून घेऊ असं वाटतं, आणि बरोबरच वाटतं, आपल्याला घरात अनवाणी फिरायची सवय, जानेवारीत टाइल्सवर पाय ठेवून बघा!

पण आधी प्रत्येक खोलीचा हीट लॉस, म्हणजे थंडीत खोलीतून किती उष्णता बाहेर जाते ते काढून घ्या, कॉन्ट्रॅक्टरला सरळ विचारा की मॅन्युअल जे (हा हिशोब करायची अमेरिकेतली ठरलेली पद्धत) केलंय का. जुन्या बॉयलरचा आकार बघून नवीन ठरवणारे खूप आहेत, ते नको. समजा किचनला थंडीत ताशी ३००० बीटीयू (उष्णता मोजायचं एकक) लागतात आणि कॅबिनेट सोडून ६० चौरस फूट फरशी मोकळी उरते, तर चौरस फुटाला २५ धरून १५०० मिळतील, उरलेले बेसबोर्डकडून घ्या, साधारण तीन फुटांचा पुरतो. म्हणजे जुना बेसबोर्ड लगेच उपटून टाकू नका.

खरी गोम पाण्याच्या तापमानात आहे. बेसबोर्डला साधारण १८० डिग्री फॅरनहाइट पाणी लागतं, फरशीला १०० ते १२० खूप झालं, कारण फरशीचा पृष्ठभाग ८५ च्या वर जाता कामा नये, पायाला नको इतकी गरम लागते आणि लाकूड असेल तर फटी. त्यामुळे फरशीच्या झोनला मिक्सिंग व्हॉल्व्ह (गरम पाण्यात परत आलेलं थंड पाणी मिसळून तापमान उतरवणारा), वेगळा पंप आणि वेगळा थर्मोस्टॅट हवाच, यात पैसे वाचवायला जाऊ नका.

मग बॉयलर बघा. जुना बिडाचा असेल तर फरशीकडून परत येणारं पाणी फार थंड चालत नाही, साधारण १३० च्या खाली राहिलं तर आत धुराचं पाणी होऊन तो गंजतो, म्हणून त्याला संरक्षण देणारं पाइपिंग लागतं. कंडेन्सिंग बॉयलर, म्हणजे धुरातल्या वाफेचं पाणी करून तिचीही उष्णता वापरणारा, त्याचं नेमकं उलटं, त्याला थंड पाणी परत आलं तरच त्याची खरी बचत होते. नवीन घेणारच असाल तर माझं मत कंडेन्सिंगलाच, सोबत आउटडोअर रीसेट, म्हणजे बाहेर थंडी कमी तर पाणी आपोआप कमी गरम.

पाइप ऑक्सिजन बॅरियरवालाच पेक्स (प्लास्टिकचा लवचिक पाइप) घ्या, नाहीतर पाइपातून पाण्यात ऑक्सिजन शिरून लोखंडी भाग गंजतात. वर टाइल सगळ्यात चांगली, जाड कार्पेट असेल तर हा खर्चच करू नका. फरशीला आधार देणाऱ्या लाकडी तुळयांच्या, म्हणजे जॉइस्टच्या मधून, खालच्या बाजूने पाइप लावणार असाल तर अॅल्युमिनियमच्या प्लेट्स आणि त्याखाली इन्सुलेशन टाकायला लावा, नाहीतर तुम्ही बेसमेंट तापवताय. फरशी बंद करायच्या आधी प्रेशर टेस्ट (पाइपात दाब देऊन गळती तपासणं) स्वतः उभं राहून बघा, फोटो काढा, पाइप कुठून गेलाय ते पुढे खिळा मारताना लागतं.

आणि काँक्रीटची फरशी रात्री बंद करून सकाळी चालू करायचा खेळ करू नका, तिला तापायला तास-तास जातात, तो प्रकार वरच्या बेडरूमच्या बेसबोर्डला ठीक आहे.